तिसऱ्या चॅनलवरचा हुकूम

आमच्या स्क्वाड्रनला पन्नास वर्षं झाली म्हणून एक पुस्तक निघणार होतं. पुस्तक कसलं डोंबलाचं, अल्बम तो. एकशे बारा पानं. त्यातल्या साठेक पानांवर कोणी ना कोणी फीत कापतोय नाहीतर झाड लावतोय. उरलेल्यांवर वैमानिक काळे गॉगल लावून विमानापुढे असे उभे आहेत, की विमान त्यांनीच परसात बसून ठोकून काढलं असावं. छापायच्या आधी एखाद्या जुन्या माणसाच्या नजरेखालून जावं म्हणून कच्ची प्रत माझ्याकडे आली. जुना माणूस मीच का, तर बाकीचे एकतर गेले किंवा त्यांनी वेळेवर फोन उचलला नाही.

प्रत घेऊन आलेला अधिकारी पस्तिशीचा होता. त्याचा शर्ट इतका कडक की सोफ्यावर बसला तरी पाठ टेकेना. मी मनातल्या मनात त्याचं नाव इस्त्री ठेवलं.

"सर, फक्त तारखा बघा," तो म्हणाला. "मजकूर वरून मंजूर झालाय."

"मंजूर झालाय तर मला कशाला त्रास देताय?"

"तुमचा सन्मान म्हणून, सर."

बायको चहा घेऊन आली होती, तिला राहवलं नाही. "ह्यांना तारखा विचारताय? आमच्या लग्नाची सांगता येत नाही ह्यांना. चोवीस वर्षं विमानात बसले आणि एकदाही खाली समुद्र बघितला नाही. घ्या, असा माणूस तुम्हाला इतिहास सांगणार."

इस्त्रीला वाटलं ती थट्टा करतेय. पण तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आमची स्क्वाड्रन म्हणजे नौदलाची इलेक्ट्रॉनिक युद्धाची विमानं. नाव काय भारदस्त. सुरुवातीची विमानं मात्र सामान वाहून थकलेली जुनी धुडं होती, खिडक्यांवर पत्रा मारून आमच्या गळ्यात मारलेली. पुढे दोन वैमानिक, त्यांना काच. मागे पोटात आम्ही चार ऑपरेटर, आम्हाला प्रत्येकी एक काळं कपाट, एक खुर्ची आणि एक हेडफोन. पाच-सहा तास त्या कपाटाकडे तोंड करून बसायचं. खाली समुद्र होता असं म्हणतात.

काम दोन प्रकारचं. एक, कान लावून बसायचं आणि समुद्रावर कोणाचं रडार कुठून ओरडतंय ते ओळखायचं. प्रत्येक रडारचा आवाज निराळा असतो. आम्ही त्यांना घरातली नावं दिली होती. एक दर सहा सेकंदांनी तेच तेच टुमणं लावायचं, ती आत्या. एक मधूनच उगवायचं आणि काम निघालं की गायब व्हायचं, तो मेव्हणा. दुसरं काम म्हणजे जॅमर लावायचे. आपल्याकडून इतका गोंगाट सोडायचा की समोरच्याच्या रडारचा पडदा पांढराफटक व्हावा आणि रेडिओवर नुसती खरखर ऐकू यावी. समोरच्याला आंधळा आणि बहिरा करायचा, एवढीच आमची विद्या. आणि ती नीट साधली की काय घडतं? काहीच नाही. आपलं जहाज बुडत नाही, क्षेपणास्त्र भलतीकडेच जातं, सगळे सुखरूप घरी येतात आणि विचारतात, तुम्ही नक्की काय केलंत? न घडलेल्या गोष्टीचा फोटो कसा काढणार? म्हणून पुस्तकात गॉगल.

हे सगळं मी इस्त्रीला सांगितलं. तो "वा" म्हणाला आणि वहीत काहीच लिहिलं नाही. तो गेल्यावर मी प्रत वाचायला घेतली.

सत्तेचाळिसाव्या पानावर मी थांबलो. तिथे लिहिलं होतं, 'याच काळात एका सरावादरम्यान मुख्य ऑपरेटरने जॅमिंग थांबवण्याचा स्पष्ट हुकूम धुडकावल्यामुळे ताफ्यातील दोन जहाजांची टक्कर झाली. या दुर्दैवी घटनेपासून धडा घेऊन स्क्वाड्रनने शिस्तीचा नवा अध्याय सुरू केला.' पुस्तकाच्या शेवटी पहिल्या तुकडीतल्या आठ ऑपरेटरांची यादी होती. नावं मात्र सातच.

आठवे म्हणजे आमचे मास्तर. हेडफोन कानाला लावून नुसत्या खरखरीतून रडार कसं वेगळं काढायचं, हे स्क्वाड्रनमधल्या झाडून सगळ्यांना त्यांनी शिकवलं. मलाही. माझ्या कपाटातून रेडिओवरचा गोंगाट निघायचा म्हणून मला भोंगा हे नावही त्यांनीच दिलं. आता ते एक्याऐंशीचे आहेत. मांडीचं हाड मोडल्यापासून लेकीच्या घरी पलंगावर असतात, आणि गेली कित्येक वर्षं मी दर रविवारी त्यांच्याकडे जातो. ह्या पुस्तकाची ते लहान मुलासारखी वाट बघत होते. रविवारी गेलो की पहिला प्रश्न तोच. पुस्तक आलं का रे? त्यांना एवढंच हवं होतं की त्यांचं नाव छापलेलं दिसावं आणि त्या सरावाबद्दल कोणीतरी खरं लिहिलेलं असावं. दुसरी कुठलीच इच्छा त्यांनी माझ्याजवळ कधी बोलून दाखवली नाही.

तर तो सराव. त्या काळी आमच्याकडे एक अजब रीत होती. आम्ही तिला 'सौजन्य' म्हणायचो. सरावात आम्ही शत्रू व्हायचो आणि आपल्याच ताफ्याला आंधळा करायचो. पण ताफा आंधळा झाला की मोठमोठ्या साहेबांचे पडदे पांढरे पडतात, त्यांना काही दिसेनासं होतं आणि त्यांची पाहुण्यांसमोर शोभा होते. म्हणून ठरलेलं असायचं की वीस मिनिटं झाली की ताफ्याकडून रेडिओवर हुकूम येणार, 'बंद करा'. आम्ही निमूट जॅमर बंद करायचे, मग ताफ्याला सगळं लख्ख दिसणार, ताफा आम्हाला 'पाडणार', आणि रात्रीच्या जेवणात सगळे एकमेकांची पाठ थोपटणार. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. शत्रू पण वीस मिनिटांनी सौजन्य दाखवेल असा ह्यांचा समज असावा. मास्तर म्हणायचे, हा सराव नाही, हा वाढदिवस आहे.

हुकूम यायचा तिसऱ्या चॅनलवर. म्हणून तो चॅनल आम्ही मोकळा सोडायचो, बाकीच्यांवर गोंगाट.

त्या वर्षी सरावाची आखणी एका नव्या नियोजन अधिकाऱ्याकडे होती. कुठल्या चॅनलवर जॅमिंग करायचं त्याची यादी त्यानं काढली आणि त्यात सरसकट सगळे चॅनल टाकले. तिसरासुद्धा. वाचून बघायचे कष्ट कोण घेतो? मास्तरांनी बैठकीतच विचारलं, "साहेब, तिसरा पण जॅम करायचा, तर बंद करायचा हुकूम येणार कुठून?" अधिकारी म्हणाला, "यादीप्रमाणे करा. मला शिकवू नका." मास्तर खाली बसले.

पुढे जे व्हायचं ते झालं. यादीप्रमाणे आम्ही सगळ्या चॅनलवर गोंगाट लावला. वीस मिनिटांनी त्या अधिकाऱ्यानं जहाजावरून तिसऱ्याच चॅनलवर हुकूम सोडला, 'बंद करा'. एकदा नाही, सात वेळा. मिक्सर चालू असताना दिवाणखान्यातून 'मिक्सर बंद कर' म्हणून ओरडावं, तसं. मिक्सर लावणाऱ्याला काय कपाळ ऐकू येणार? आम्ही काम करत राहिलो. समुद्रावर धुरकट हवा होती, रडारचे पडदे पांढरे, जहाजं जवळजवळ चाललेली. दोन जहाजं एकमेकांना घासली आणि मधे सापडून एका खलाशाचा हात कोपरापासून गेला. शेवटी कोणालातरी सुचलं आणि त्यानं लाल फ्लेअर, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा पेटता गोळा, उडवला. तो काचेतून वैमानिकाला दिसला. तेव्हा आम्ही थांबलो, अकरा मिनिटं उशिरा.

त्या खलाशाचा हात कोणामुळे गेला हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ज्यानं यादी काढली त्याच्यामुळे. तुम्ही म्हणाल, मग यादी दाखवायची की चौकशीत. तीच तर गंमत आहे, आणि ती फक्त आमच्याच लोकांत घडू शकते. ती यादी गुप्त. विमानातून उतरल्यावर ती जाळून टाकायची असा नियम. आणि मास्तर पडले नियमाचे माणूस. टक्कर झाल्याचं अजून कोणी धड सांगितलंही नव्हतं, तेवढ्यात त्यांनी नेहमीप्रमाणे धावपट्टीच्या कडेच्या डब्यात ती यादी जाळली आणि राख विस्कटून टाकली. बेशिस्तीचा ठपका ज्याच्यावर बसला, त्यानं आपला एकमेव पुरावा शिस्तीत जाळला. कार्यालयातल्या प्रतीत तिसरा चॅनल नंतर सापडलाच नाही. तो अधिकारी तेवढा हुशार होता.

आता उरली साक्ष. मागच्या चौघांत एक मास्तर, दोघे रडारवर, त्यांना रेडिओचं काही कळत नव्हतं. रेडिओच्या कपाटासमोर मी होतो.

चौकशीच्या आदल्या दिवशी नियोजन अधिकारी मला कँटीनमध्ये भेटला. फार प्रेमानं बोलला. प्रशिक्षण शाळेत एक जागा रिकामी होतेय, जमिनीवरची, क्वार्टरसकट. "तुम्ही तिथे शोभाल," म्हणाला. बस, एवढंच. धमकी नाही, काही नाही. माणसाला विकत घ्यायला किती कमी बोलावं लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी लांब टेबलामागे तीन साहेब, पाण्याच्या ग्लासांवर झाकणं. मधल्यानं विचारलं, "तुमचा जॅमर दर मिनिटाला दोन सेकंद थांबतो, पलीकडचे अजून बोलतायत का ते ऐकायला. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"आणि मुख्य ऑपरेटरच्या हेडफोनमध्ये चारही खुर्च्यांचं ऐकू येतं."

"हो, साहेब."

"मग त्या दोन-दोन सेकंदांत हुकूम त्यांच्या कानावर आला असेल?"

अकरा मिनिटं, अकरा वेळा दोन सेकंद. अकराच्या अकरा वेळा मी कान लावून होतो आणि एकदाही तिथे माणसाचा आवाज नव्हता. सातही वेळा हुकूम त्या फटींच्या बाहेर पडला. हे मी छातीठोकपणे सांगू शकत होतो. माझ्याशिवाय दुसरं कोणीच सांगू शकत नव्हतं.

मी म्हणालो, "आला असेल."

दोन शब्द. खोटंसुद्धा धड नाही, असं मी स्वतःला किती वर्षं समजावलं. मास्तरांच्या छातीवरचं उड्डाणाचं चिन्ह काढून घेतलं, हुद्दा उतरवला आणि भांडाराच्या फाटकावर गाड्यांचे नंबर टिपायला बसवलं. बारा वर्षं. मी सात वर्षं प्रशिक्षण शाळेत शिकवलं. काय शिकवलं? तर मास्तरांनी शिकवलेलंच. आणि तो नियोजन अधिकारी चढत चढत थेट वर गेला, ॲडमिरल होऊन निवृत्त झाला. आता पन्नासाव्या समारंभाचे प्रमुख पाहुणे तेच, पुस्तकाची प्रस्तावना त्यांचीच. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणतात. म्हणू देत.

प्रत येऊन तीन दिवस झाले होते आणि मी ती कपाटात उलटी ठेवून दिली होती. चौथ्या दिवशी दुपारी मास्तरांची लेक आली. तिचं औषधांचं दुकान आहे, ते अर्धा दिवस बंद ठेवून आली होती. मला लहानपणापासून काका म्हणते.

"काका, समारंभाला बाबांना चाकाच्या खुर्चीतून न्यायचं म्हणून कार्यालयात फोन केला. ते म्हणतात नावच नाही यादीत. असं कसं?"

मी प्रत काढली आणि सत्तेचाळिसावं पान तिच्यापुढे धरलं. तिनं दोनदा वाचलं.

"हे बाबांबद्दल आहे."

"हो."

"बाबा म्हणतात हुकूम आला नव्हता. आई म्हणायची, जाऊ द्या, कशाला उगाळायचं. तुम्ही शेजारच्या खुर्चीत होतात ना? आला होता का?"

"नाही आला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कोणाला?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी दोघींच्या देखत सगळं सांगितलं. कँटीन, क्वार्टर, दोन शब्द. सांगताना वाटलं होतं आवाज फुटेल, पण फुटला नाही. तेहतीस वर्षं पाठ केलेलं होतं.

आधी बायकोच बोलली. "म्हणजे त्या क्वार्टरमध्ये सात वर्षं मी हौसेनं पडदे लावले ते ह्याच्यावर?" आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत तिनं माझी थट्टा केलेली नाही. तेच मला जास्त लागलंय.

लेक मात्र खुर्चीवरून हलली नाही. तिनं पर्समधून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "लिहून द्या."

मी लिहून दिलं. सही केली, तारीख घातली. तिनं तो कागद वाचला, पुन्हा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "हा कार्यालयात तुम्हीच नेऊन द्यायचा. पान बदललं पाहिजे आणि नाव आलं पाहिजे. पण बाबांना ह्यातलं तुमचं काही कळता कामा नये."

"का?"

"का काय, काका? त्या फाटकावर बसवल्यावर त्यांचा एकही दोस्त घरी आला नाही. तुम्ही तेवढे येत राहिलात. ते सगळ्यांना सांगतात, जग गेलं खड्ड्यात, आमचा भोंगा आहे. आता त्यांच्याकडे रविवार सोडून दुसरं काय आहे? तो मी काढून नाही घेणार. तुम्हीपण घ्यायचा नाही." मग ती म्हणाली, "मला तुमचं तोंड बघायची इच्छा नाही, पण तुम्ही यायचं."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

कार्यालयात गेलो तर मोठे साहेब तिथेच होते, समारंभात आपल्याला कोणत्या खुर्चीवर बसवणार ते तपासायला आले होते. ऐंशीच्या घरातला माणूस आणि खुर्चीचं काय ते कौतुक. इस्त्री बाजूला फाइल घेऊन उभा. मी कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा लावून वाचला आणि असा खाली ठेवला की जणू त्याला वास येत होता.

"इतक्या वर्षांनी हे काय काढलंत? स्क्वाड्रनची बदनामी होईल."

"स्क्वाड्रनची कशी होईल, साहेब? दोघांचीच होईल. एक तुमची, एक माझी."

"त्या वेळी तुम्ही शपथेवर वेगळं बोललात."

"बोललो की. तुम्हीच म्हणालात, मी तिथे शोभेन."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मग इस्त्रीला म्हणाले, "ते वाक्य काढून टाका. लिहा, हवामानातील अडथळ्यामुळे अपघात झाला. आणि यादीत नाव घाला, उपकार म्हणून." उपकार म्हणून. मला त्या माणसाची अशी किळस आली की क्षणभर माझी स्वतःची विसरलो.

इस्त्रीबद्दल मात्र माझा अंदाज साफ चुकला. त्यानं तो कागद उचलला, त्यावर आवक शिक्का मारला, नंबर घातला आणि म्हणाला, "साहेब, आता हा दप्तरात आला. खरं माहीत असून हवामान लिहायचं, तर ते मला लिहावं लागेल, आणि मी ते लिहिणार नाही." त्याचे कान लाल झाले होते. साहेब काठी घेऊन उठले. अशा माणसांना कोणी सरळ 'नाही' म्हटलं की पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊकच नसतं. मला तेहतीस वर्षांपूर्वी हे माहीत असतं तर, असं म्हणायची सोय नाही. मला माहीत होतं.

पुस्तक छापून आलं. सत्तेचाळिसाव्या पानावर आता लिहिलं होतं, 'जॅमिंग थांबवण्याचा हुकूम विमानापर्यंत पोहोचला नव्हता. मुख्य ऑपरेटरवर त्या वेळी ठेवलेला दोष चुकीचा होता.' दोषी म्हणून कोणाचंही नाव नाही, ना साहेबांचं ना माझं. मागे पहिल्या तुकडीत आठ नावं.

रविवारी मी गेलो. लेकीनं दार उघडलं, बाजूला झाली. मास्तर पलंगावर उशांना टेकून बसले होते, पुस्तक मांडीवर. त्यांनी ते आधीच चार वेळा वाचून घेतलं होतं.

"ये ये. बस. बघितलंस?" त्यांनी बोट ठेवून मला दाखवलं, जसं काही मी बघितलंच नव्हतं. "पोहोचला नव्हता. छापलंय बघ. तुला म्हणत होतो की नाही?"

"हो, मास्तर."

"आमची ही असती तर तिला वाचून दाखवलं असतं. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, माझंच कुठेतरी चुकलं असेल. बोलायची नाही, पण मला कळायचं." त्यांनी पान हातानं सारखं केलं. "फाटकावर होतो ना, तिथला एक हवालदार मला ऐकवायचा, साहेबाचं ऐकलं असतंस तर आज आकाशात असतास. बारा वर्षं ऐकलं त्याचं."

लेक चहा ठेवून गेली. जाताना तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं. मी कपाकडे बघत बसलो.

"एक कोडं मात्र सुटलं नाही," मास्तर म्हणाले. "यादी मी जाळली. मग त्यांनी मला अडकवलं कशावर? कोणीतरी सांगितलं असणार की हुकूम आला. मला साक्षी दाखवल्याच नाहीत. ते दोघे रडारवाले बिचारे, त्यांना काय कळणार. जहाजावरचाच कोणीतरी हरामखोर असेल." आणि मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर कुठे संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "तू नंतर शाळेत होतास, तुझ्या कानावर काही आलं असेल. कोण होता रे तो?"

माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. लेकीला वचन दिलं होतं. जगात मी ज्यांना ज्यांना नावं ठेवली, साहेब, गॉगलवाले, चौकशीवाले, त्यांच्यातल्या कोणालाही हे सहज जमलं असतं. मलाही एकदा जमलं होतं.

"मी होतो, मास्तर."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले.

"नीट सांग," ते म्हणाले. आवाज अगदी तसाच, शिकवताना असायचा तसा. "काय विचारलं, आणि तू काय बोललास."

मी सांगितलं. प्रश्न सांगितला, उत्तर सांगितलं. अकरा वेळा कान लावला होता आणि अकरा वेळा काही नव्हतं, तेही सांगितलं.

"आणि हे तुला तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि मग दर रविवारी येत होतास."

"हो."

त्यांनी पुस्तक मिटलं, पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. एकट्यानं कूस बदलताना त्यांना फार दुखतं. मी हात द्यायला पुढे झालो.

"नको," ते म्हणाले. "आणि आता येऊ नकोस."

मी बाहेर आलो. लेक दिवाणखान्यात उभी होती. दार उघडं होतं, तिनं सगळं ऐकलं होतं. मी चपला शोधत होतो आणि समोर असून त्या मला दिसत नव्हत्या.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मला त्यांच्या तोंडावर पुन्हा खोटं बोलवेना गं."

"तुम्हाला बोलवेना. म्हणजे पुन्हा तुमचंच." ती ओरडली नाही, हळूच म्हणाली, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "तुमचं मन मोकळं झालं, काका. आता दर रविवारी त्यांच्यासमोर कोण बसणार ते सांगा."